ऑडिटचा हात

८ सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी केबिनचं दार लावून घ्यायला सांगितलं. ते दार एरवी सताड उघडं असतं, आणि लागतं तेव्हा कुणाची तरी नोकरी जाते. वाटलं, माझी. माझी नाही. माझी सोडून सगळ्यांची.

प्लांट होसूरला चाललाय, तामिळनाडूत. डिसेंबरअखेर परभणी बंद.

कारणं बोटांवर मोजून सांगितली. आपल्या वायरिंगचं मोठं गिऱ्हाईक एकच, ती मोटारसायकल कंपनी. तिनं नवा कारखाना तिकडं टाकला. त्यांना सकाळी मागितलेला माल दुपारी गेटवर पाहिजे. आपला ट्रक इथून निघाला की तिसऱ्या दिवशी पोचणार, तोवर त्यांचे दहा फोन. तिकडचं सरकार जागा देतंय, वीज देतंय. इकडं मागास भाग म्हणून मिळायची ती सवलत संपली. शिवाय पुढच्या गाड्या इलेक्ट्रिकच्या, त्यांचं वायरिंग बरंचसं मशीनवर, म्हणजे हात कमीच लागणार. सगळी कारणं खरी आहेत. त्याचाच राग आला. एखादं तरी खोटं असतं तर भांडता आलं असतं.

"आपल्या बायकांचं काय?" विचारलं. "कायद्यानं द्यायचं ते देऊ." मग म्हणाले, तिथलं ट्रेनिंग सगळं तुम्हीच बघायचं, हुद्दा वाढवून. मग कागद पुढे केला. दिवाळी होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही.

क्रम नीट लिहून ठेवते. आधी हुद्दा, मग कागद. सही केली.

९ सप्टेंबर, मंगळवार

मकरंदला सांगितलं. नवऱ्यालाही सांगू नका असं कागदावर नव्हतं, निदान मी तसं वाचलं नाही. तो शाळेच्या वह्या तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "तू थोडीच बंद करायलीस प्लांट."

हे वाक्य दिवसभर मनात घोळवलं. त्यात चूक सापडत नाही. बरंही वाटत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

मला कामं दोन. एक, वायरी बांधायचे बोर्ड आणि मशिनं हलवायच्या दिवसांत गिऱ्हाईक उपाशी राहू नये म्हणून आत्ताच जादा माल करून ठेवायचा. दोन, प्रत्येक बोर्डावरच्या कामाचा मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. चेहरा नको, फक्त हात. त्यावरून होसूरच्या नव्या पोरींसाठी पायरी-पायरीचे कागद तयार करायचे.

जादा माल बघून बायका खूश. ऑर्डर वाढली म्हणतात. व्हिडिओचं काय सांगावं कळेना. तोंडातून निघालं, "पुण्याचे मोठे साहेब बघणार आहेत, आपली लाइन कशी चालते ते." पुण्याचे साहेब बघणार आहेतच, तेव्हा निम्मं खरं आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

१३ सप्टेंबर, शनिवार

सगळ्या नटून आल्या. नुसते हात दिसणार, तर हातांना मेंदी, नेलपॉलिश, कुणाच्या नव्या काचेच्या बांगड्या. बांगड्या लाइनवर चालत नाहीत म्हणून एरवी मी ओरडते. आज ओरडले नाही.

सात नंबरच्या बोर्डावर गंगासागर. चुडाव्याहून रोज पॅसेंजरनं येते, प्लांट उघडला त्या दिवसापासून. फळीवर ठोकलेल्या खिळ्यांमधून वायरी ओढायच्या, टोकं बसवायची, वरून टेप गुंडाळायचा, हे काम सगळ्याच बोर्डांवर. तिचा बोर्ड सगळ्यात अवघड, गाडीच्या हँडलपाशी वळणाऱ्या वायरींचा. तिच्या मालाची तक्रार कधी आली नाही. आज मी मोबाईल धरून समोर उभी राहिले, तर शाळेत वाचन करणाऱ्या पोरीसारखी ताठ झाली. वायर, टोक, टेप, तीन वेढे. कागदावर लिहिलंय तस्सं.

"बरं आलं का मॅडम?"

"छान आलं."

१६ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर व्हिडिओ बघून कागद लिहिले. गंमत म्हणजे आमच्या लाइनवर कागद वाचून आजवर कुणी शिकलेलं नाही. जुनी बाई नव्या पोरीच्या मागं उभी राहते, तिच्या हातांवर आपले हात ठेवते आणि पंधरा दिवस तिच्या हातांनी स्वतः काम करते. याला हात देणं म्हणतात. ते पंधरा दिवस नव्या पोरीनं जुनीसाठी घरून भाकरी आणायची, असा रिवाज. कुणी घालून दिला कोण जाणे, पण मोडत नाही कुणी.

मी डिप्लोमा घेऊन इथं लागले तेव्हा माझ्या मागंही गंगासागर उभी राहिली होती. दोनच दिवस, मला कामाची कल्पना यावी म्हणून. मी भाकरी नेली नाही. मी मॅडम होते. उलट तिच्या डब्यातली खाल्ली, आणि तेव्हापासून आमचा डबा एकत्र.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत गंगासागरनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवला. चुडाव्याच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवड. यादीत पहिलं नाव तिचं. आजपासून पंधरा दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर दुसरीला मिळणार. वय पस्तीस. पुढच्या भरतीत ती बसत नाही.

"तुमी सांगा मॅडम. तितं पगार कमी हाय, पर घराजवळ हाय, सरकारी हाय. इतं हाताला सवय झाली. कंपनी ऱ्हाईल न्हवं? तुमी मनाल तसं."

"कंपनी कुठं जातीय," मी म्हणाले.

साहेब तिथं नव्हते. कुणीच नव्हतं. त्या कागदात गप्प राहायचं लिहिलंय, खोटं बोलायचं लिहिलेलं नाही. 'तुझं तू ठरव बाई' एवढं म्हटलं असतं तरी ती समजली असती, हुशार आहे. पण सात नंबरचा जादा माल अजून निम्मासुद्धा झाला नाही, आणि ती गेली तर तो बोर्ड चालवणारं दुसरं कुणी नाही. हे माझ्या डोक्यात होतं. नंतर आलं असं नाही, बोलतानाच होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पूर्णा नदीला पूर, गाड्या उशिरा. गंगासागर दीड तास उशिरा आली, चिंब, आणि जेवायची सुट्टी न घेता राहिलेला माल भरून काढला. साहेब लाइनवर येऊन म्हणाले, "मॅडम, तुमची माणसं म्हणजे सोनं." तिला ते ऐकू गेलं. दिवसभर हसतमुख होती.

माझी माणसं, म्हणे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज सांगायचंच असं ठरवून संध्याकाळी तिच्याबरोबर स्टेशनवर गेले. बाजारात काम आहे म्हणाले. अजून नऊ दिवस आहेत, आज कळलं तर ती हजर होऊ शकते. सही केलेला कागद गेला खड्ड्यात.

फलाटावर बाकावर बसलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती थोरलीचं सांगायला लागली. पोरगी दहावीला आहे, पुढं परभणीला ठेवायची, वसमत रोडला खोली बघायची. "आमच्या घरचे मनत होते अंगणवाडी धर. म्या मनलं, मॅडमला इचारलंय. कंपनी कुटं जात न्हाई मनल्यात. मॅडम खोटं कशाला बोलतील."

मी पर्समधून रुमाल काढला आणि परत ठेवला. गाडी आली. ती खिडकीतून हात हलवत राहिली, गाडी वळेपर्यंत.

एका वाक्याचं काम होतं. पाऊण तास बसले होते मी.

२९ सप्टेंबर, सोमवार

होसूरहून यादी आली. कुठला बोर्ड तिथं कुठल्या जागी लागणार त्याचे क्रमांक. प्रत्येक बोर्डाला स्टिकर लावायचं, खालच्या बाजूनं, म्हणजे चर्चा होणार नाही. बायका घरी गेल्यावर एकेका बोर्डाखाली वाकून लावली. कंबर धरली. बरं झालं धरली, असंही वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. दरवर्षी बायका आपापला बोर्ड पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. पुसायचा तो खालूनही पुसतात. इतकी वर्षं बघतेय, आणि स्टिकर लावताना हे डोक्यातच आलं नाही.

गंगासागर बोर्डाखालून डोकं बाहेर काढत म्हणाली, "मॅडम, खाली कायतरी चिटकिवलंय, इंग्रजीत. ह्ये कशाचं?"

"ऑडिटचं आहे."

"मग ऱ्हाऊ द्या. त्याला पानी लागू देत न्हाई." तेवढी जागा सोडून तिनं बाकीचा बोर्ड पुसला. आणि स्टिकरलाही कुंकवाचं बोट लावलं. तिचं बघून सगळ्यांनी आपापल्या बोर्डाखाली हात घालून बोट लावलं.

नारळ फोडायचा मान मला दिला. तिसऱ्यांदा आपटल्यावर फुटला.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा दिवस. गंगासागरची आज रजा, मीही टाकली. सकाळी नऊला फोन लावला, सगळं सांगून टाकायचं म्हणून. तिच्या सासूबाईंनी उचलला. "गंगी व्हय? ती पूर्णेला गेलीय, हाफिसात. शनवार हाय, पर शेवटची तारीक मनून आज उगडं हाय. मला नोकरी नको मनून लिहून द्यायला. फोन घरीच इसरली. काय सांगू तिला?"

"काही नाही मावशी. सोमवारी बोलते."

पूर्णा, तालुक्याचं गाव, काही लांब नाही. स्कूटी दारात होती, पेट्रोल होतं. ऑफिस उघडायला अजून तास होता. मी मशीनमधले कपडे काढले आणि वाळत घातले. एकेक झटकून, नीट, चिमटे लावून.

६ ऑक्टोबर, सोमवार

तिनं पेढे आणले. यादीतली दुसरी, सविता, तिच्याच गल्लीतली, तिनं दिलेले. "तिला गरज हाय मॅडम. नवरा पुण्याला ऱ्हातो, कदी येतो कदी न्हाई. आपली तर कंपनी हाय."

एक घेतला. सगळ्यांसमोर खाल्ला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दिवाळी झाली. चकल्या तेलात विरघळल्या. मकरंद म्हणाला, लक्ष कुठंय तुझं. तेव्हा त्याला अंगणवाडीचं सांगितलं, पहिल्यापासून, पेढ्यापर्यंत. या वेळी त्यानं मान वर केली.

"हे मात्र तू केलंस," म्हणाला.

त्याच्यावर चिडले. मग आत जाऊन बसले. बरोबर बोलला म्हणूनच चिडले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नोटीस लागली. मराठी मीच केलं. 'बंद' लिहिलं नाही, 'स्थलांतर' लिहिलं. साहेबांनी गेटपाशी वाचून दाखवली. अर्ध्यात मागं कुणीतरी रडायला लागलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, मी उत्तरं पाठ करून गेले होते. त्या परत जाऊन आपापल्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कारण शिफ्ट संपायला चार तास होते.

गंगासागरनं बोर्डाखाली हात घालून स्टिकर चाचपलं. मी शेजारून जात होते. टेपवरची नजर न काढता हळूच म्हणाली,

"ऑडिट झालं का मॅडम?"

३० ऑक्टोबर, गुरुवार

रजा टाकून पूर्णेला जाऊन आले. त्याच ऑफिसात. पर्यवेक्षिकाबाई भल्या आहेत, चहा पाजला. नकार लेखी आहे, दुसरी हजर झालीय, आता काही होत नाही म्हणाल्या. "पर त्यांनी असं कामून केलं हो? ह्या पोस्टसाठी लोकं पाया पडत्यात."

"कुणीतरी चुकीचं सांगितलं त्यांना," मी म्हणाले.

"लोकं बी ना, लय वाईट."

हो ना, म्हणाले मी. आणि चहा संपवला.

३ नोव्हेंबर, सोमवार

बायकांनी साहेबांना गाठलं. का चाललात ते आम्हाला समजेल असं सांगा. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावून दाखवलं, इथं परभणी, इथं होसूर, इथं गाड्यांचा कारखाना. अंतराच्या रेघा. कुणी म्हणालं, मग ट्रक रोज सोडा. कुणी म्हणालं, लाईट जाते मनून चाललात का, तर आमी रविवारी येतो. गंगासागर मागं भिंतीला टेकून उभी होती. शेवटी तिनं विचारलं, "आमचं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही," साहेब म्हणाले.

"मग?"

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. मागं सवलत होती म्हणून मालक परभणीला आले, तेव्हा कुठल्या तरी दुसऱ्या गावातल्या बायकांनी हेच विचारलं असेल. त्यांचा विचार तेव्हा इथं कुणी केला नव्हता, मी तर नाहीच. मला नोकरी लागली होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गंगासागर माझ्याशी कामापुरतंच बोलते. हो मॅडम, न्हाई मॅडम. डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसते. मी केबिनमध्ये खाते आता, तेवढ्या वेळात मेल बघते असं दाखवत.

बाकीच्या विचारायला येतात. बाहेर कुठं काम आहे का, चिठ्ठी द्याल का. चिठ्ठ्या देतेय. परभणीत वायरिंगचं काम करणारं दुसरं कुणी नाही हे त्यांनाही माहीत आहे. दोघी जिनिंगला लागल्या, कापूस वेचून झाला की तेही बंद.

२४ नोव्हेंबर, सोमवार

होसूरहून फोन, साहेब लालबुंद. माझ्या कागदांवरून तिथल्या पोरींनी तात्पुरत्या बोर्डांवर केलेला पहिला माल गिऱ्हाईकानं परत पाठवला. हँडल डावी-उजवीकडं सारखं फिरवत ठेवायचं मशीन आहे त्यांच्याकडं. काही दिवस फिरवलं की वळणावर वायर आतल्या आत तुटते. सात नंबरचा बोर्ड. परभणीच्या मालाची अशी तक्रार आजवर नव्हती.

गंगासागरचा व्हिडिओ परत परत बघितला. कागदाबरहुकूम. तीन वेढे. मग लाइनवर गेले आणि लांब खांबाआड उभी राहून तिच्याकडं बघितलं. टेप ओढताना तिचा डावा अंगठा वायरींच्या खाली शिरतो, कसलीशी मुरड देतो, टेप बसायच्या आत बाहेर येतो. डोळ्याचं पातं लवतंय तोवर. व्हिडिओत ती मुरड नाही.

 आमच्याकडं गिऱ्हाईकाचे ऑडिटवाले तपासणीला आले की बायका कागदाप्रमाणे काम करतात, ते गेले की हाताला कळतं तसं. हे मीच शिकवलंय त्यांना, पाहुणे आले की कागदाचा हात दाखवायचा. आणि मी सांगितलं होतं, पुण्याचे मोठे साहेब बघणार. गंगासागरनंच नव्हे, सगळ्यांनी मला ऑडिटचा हात दाखवलाय. मेंदी काढून, माझी मान खाली जाऊ नये म्हणून. बाकीच्या बोर्डांच्या तक्रारी अजून यायच्यात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

साहेब म्हणतात, गंगासागरला तीन महिने होसूरला पाठवा, राहणं-जेवण कंपनीचं, तिथल्या पोरींना शिकवेल. "तुम्ही बोला तिच्याशी. तुमचा शब्द मोडत नाही ती."

हे त्यांना कुणी सांगितलं? मीच. ऑक्टोबरात, तिची अंगणवाडी टळली तेव्हा. मान वर करून सांगितलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

चुडाव्याला गेले. पॅसेंजरनं, ती येते तशी. तिच्या ओट्यावरून अंगणवाडी दिसते, चार-पाच घरं सोडून, भिंतीवर फुगे नि ससे रंगवलेले. रविवार म्हणून कुलूप होतं.

साहेबांचा निरोप सांगितला. ती सुपात तांदूळ निवडत होती. "तुमी सांगा मॅडम. जाऊ का नको? तुमी मनाल तसं."

तेच शब्द. मुद्दाम म्हणाली की सवयीनं, चेहऱ्यावरून कळेना.

या वेळी सांगितलं. तीन महिन्यांनी ते तुला परत पाठवतील. तिथल्या पोरींना मुरड आली की तुझं काम संपलं, पुढं काही नाही. आणि सप्टेंबरात तू कागद दाखवलास तेव्हा मला माहीत होतं. अकरा दिवस आधीपासून. एका दमात बोलले. सासूबाई उठून आत गेल्या.

"आन तुमी?"

"मला तिथं नोकरी आहे. इथल्यापेक्षा मोठी."

"तवाच ठरलं होतं?"

"तेव्हाच."

तिनं एक खडा काढून अंगणात टाकला. मग दुसरा. शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं, आणि हे तिला कळत असावं, म्हणून देत नव्हती. मग म्हणाली, "पोरी सोडून म्या कुटं जायची न्हाई. साहेबाला सांगा, उद्यापासून मॅडमला हात देते. पंदरा दिवस. मग तुमीच जावा तितं शिकवायला."

मी चपला घालत होते तेव्हा दारातून म्हणाली, "भाकर आणा. ज्वारीची. गव्हाचं मला सोसत न्हाई."

१ डिसेंबर, सोमवार

तीन भाकरी थापतानाच चिरल्या. मकरंद ओट्यापाशी येऊन म्हणाला, मी करू का. नको म्हणाले. चौथी फुगली.

तिनं डबा घेतला, उघडला नाही, बोर्डाखाली ठेवला. मला बोर्डासमोर उभं केलं, मागं उभी राहिली, माझ्या हातांवर हात ठेवले. तिचे हात माझ्यापेक्षा लहान आहेत आणि खरखरीत. पूर्वी दोन दिवस उभी राहिली होती तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. बायका काम थांबवून बघत होत्या. कुणी हसलं नाही.

दुपारी तिनं भाकरी खाल्ली. पूर्ण. कशी झाली ते सांगितलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

मुरड येत नाही. अंगठा आखडतो.

"ढिला सोडा मॅडम. नोकरी गेल्यावानी ढिला."

बायका खो खो हसल्या. मीही हसले, मग डोळ्यांत पाणी आलं, मग ते टेपच्या वासानं आलं असं म्हणाले. टेपला इतकी वर्षं वास आलेला नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

लाइनवर आता निम्म्याच बायका. एक ते सहा नंबरचे बोर्ड खोक्यांत बंद. आज मोकळ्या जागेत झाडू मारताना भिंतीवर मागच्या दसऱ्याचं कुंकू दिसलं.

भाकरी आता चिरत नाही. अंगठा अजून चुकतो.

१५ डिसेंबर, सोमवार

पंधरावा दिवस. सकाळी पहिल्याच नगावर मुरड आली, दुसऱ्यावर आली, सलग आली. तिनं माझ्या हातांवरचे हात काढून घेतले तरी येत राहिली. "आली," ती म्हणाली आणि मागं सरकली. साहेबांनी उभ्या उभ्या होसूरला फोन लावला. माझं तिकीट अठ्ठावीस तारखेचं.

दुपारी फिटर आले नि सात नंबरचा बोर्डही खिळ्यांसकट खोक्यात गेला. तो जाताना बघत असताना एकदम मनात आलं, त्या दिवशी खांबाआडून बघितलं तेव्हा तिचा अंगठा आतून बाहेर गेला होता की बाहेरून आत? मला आतून बाहेर शिकवलंय. आठवायचा खूप प्रयत्न केला. लांबून बघितलं होतं, क्षणभर. हँडल फिरवायचं मशीन इथं नाही. होसूरला शेकडो गाड्यांचा माल माझ्या हातानं शिकवून होईल, मशीन फिरत राहील, तेव्हा कळेल मला कुठला हात मिळाला.

ती शेवटच्या दिवसाची भाकरी खात बसली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी तिच्या शेजारी बसले. विचारलं, "गंगासागर, हीच ना गं मुरड? तू करतेस ती?"

तिनं चटणीला लावून घास घेतला, सावकाश चावला. अर्धी भाकरी मोडून माझ्या पुढ्यात ठेवली.

"मॅडम, म्या खोटं कशाला बोलू."

भाकरी खाल्ली. पाच पंचवीसच्या पॅसेंजरला तिला सोडायला गेले होते. खिडकीतून हात हलवला तिनं, नेहमीसारखा. तिकीट अजून पर्समध्येच आहे, मकरंदला दाखवलेलं नाही.